खोक्यातलं ग्रहण

ते ग्रहण सुटून काही वर्षं झाली, पण आमच्या स्टाफरूममधलं अजून सुटलेलं नाही. चहा आला की कोणीतरी "ते ग्रहणाच्या दिवशी..." म्हणून सुरू करतं आणि दरवेळी किश्श्याला नवा मसाला लागतो. मी विज्ञान शिकवते आणि त्या दिवसाची सगळी उठाठेव माझी होती, म्हणून खरं काय झालं ते मीच सांगते.

शाळा अमडापूरकडच्या एका खेड्यातली. सूर्यग्रहण डिसेंबरातलं, सकाळचं. मी मुलांना सांगितलं, बुटांची रिकामी खोकी आणा. एका टोकाला चॉकलेटची चांदी लावून टाचणीने भोक पाडायचं, समोर आतून पांढरा कागद. सूर्याकडे पाठ करायची आणि कागदावर पडलेला छोटा सूर्य बाजूच्या फटीतून बघायचा. सगळं सोपं, फक्त बूट कोणाच्या घरी नव्हते. मग साड्यांची खोकी आली, मिक्सरचं आलं, पेढ्यांची तर ढीगभर आली. पेढ्यांच्या खोक्यांत सूर्याआधी मुंग्या दिसल्या.

*

सगळ्यात देखणं खोकं ज्योती मॅडमचं. त्या गणित शिकवतात. तेव्हा त्यांना सातवा महिना होता. लहानपणी दर ग्रहणाला घरात कोंडून घेतलेलं, म्हणून हे तरी बघायचंच असं त्यांनी ठरवलं होतं. आदल्या दिवशी त्यांच्या सासूबाईच शाळेत आल्या.

"उद्या सूनबाई येनार नाही. पोटातल्या लेकराले दोष लागते."

मी शास्त्र सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाल्या, "तुमचं शास्त्र शाळेत ठेवा, बाई. लेकरू आमचं हाय."

ज्योती मॅडमनी आपलं खोकं माझ्या हातात दिलं. मला फार वाईट वाटलं.

*

ग्रहणाच्या सकाळी हेडसर मैदानात आले, खोकं घेतलं आणि थेट सूर्याकडे तोंड करून उभे राहिले. मी ओरडले, "सर, पाठ करा!"

"रोज सकाळी अर्घ्य देतो मी त्याले. अन् आज पाठ दाखवू?"

बराच वाद झाला. शेवटी त्यांनी चपला काढल्या, डोळे मिटून सूर्याला हात जोडले, "माफी असू द्या, शाळेचं काम हाय," असं सांगितलं आणि मगच वळले.

*

पी.टी.च्या सरांना टाचणीचं भोक म्हणजे कंजूषपणा वाटला. त्यांनी कैचीने चांगलं लिंबाएवढं भोक पाडलं. कागदावर नुसता उजेडाचा गोळा पडला. सर सगळ्यांना खोकं दाखवत फिरले, "माह्यावाल्यात तं लागलंच नाही ग्रहन. काऊन घाबरून राह्यले बे तुमी?"

*

वानखडे सर ग्रहण पाळत नाहीत. भर मैदानात त्यांनी डबा उघडला, ज्वारीची भाकर आणि ठेचा. बाकीचे सगळे उपाशी. आधी एकाने वास घेतला, मग एकाने "चव पाहतो" म्हणून तुकडा मोडला. ग्रहण पाळणाऱ्यांनी दहा मिनिटांत डबा साफ केला.

वानखडे सर म्हणाले, "सूर्याचं खंडग्रास होतं, माह्या डब्याचं खग्रास झालं."

*

ज्योती मॅडमचं काय झालं, ते दुसऱ्या दिवशी त्यांच्याच तोंडून कळलं. सासूबाईंनी त्यांना मागच्या खोलीत बसवलं, दार लावलं, खिडकीवर घोंगडी टांगली, दिवा बंद केला आणि स्वतः शेजारी पहाऱ्याला बसल्या. खोलीवर पत्रे होते. माकडांच्या उड्यांनी पत्र्यांचे खिळे कधीच निघालेले, त्यांची बारीक भोकं तेवढी राहिलेली. ऊन चढलं तसे अंधाऱ्या भिंतीवर एकेक करून ग्रहण लागलेले सूर्य उतरले. आमच्या खोक्यांत सूर्य मुगाच्या डाळीएवढा दिसला होता. त्यांच्या भिंतीवरचा प्रत्येक सूर्य रुपयाएवढा आणि कोर अगदी स्वच्छ.

सासूबाई धडपडत उठल्या. एका सूर्यावर पदर धरला, तर कोर पदरावर आली. हाताने झाकायला गेल्या, तर ती तळहातावर आली. त्या बराच वेळ तळहाताकडे बघत उभ्या राहिल्या. मग सुनेकडे न वळताच म्हणाल्या,

"तू डोये मीट. मी पाह्यतो अन् तुले सांगतो."