आईची ओटी आणि भरतीची वेळ

आईच्या हृदयात स्टेंट बसवला त्या दुपारी हॉस्पिटलच्या लिफ्टशेजारी लावलेल्या देवाच्या तसबिरीसमोर मी बराच वेळ उभी होते. बाबा फॉर्मवर सह्या करत होते. तिथून जाणारा प्रत्येक जण तसबिरीला हात लावून पुढे जात होता. मला मात्र काही मागता आलं नाही. देवावर राग नव्हता, पण ऐकणारं कोणी आहे असंही वाटत नव्हतं. लहानपणापासून आरत्या तोंडपाठ होत्या, त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता. आईचं तसं नाही. स्ट्रेचरवरून आत नेताना तिने माझा हात दाबून एवढंच सांगितलं होतं, की यातून उठले तर समुद्रातल्या देवीची स्वतः जाऊन ओटी भरीन.

ती उठली, पण चालेना. डॉक्टरांनी रोज अर्धा तास सपाट जमिनीवर चालायला सांगितलं होतं. आमच्या बदलापूरच्या सोसायटीबाहेर रस्ता खणलेला, उरलेल्या पट्टीवर दुचाक्या. पहिल्याच आठवड्यात गेटपाशी तिला धाप लागली आणि वॉचमनच्या खुर्चीवर बसवून पाणी द्यावं लागलं. त्यानंतर ती घराबाहेर पडायचीच बंद झाली. पलंग, स्वयंपाकघर, पुन्हा पलंग. तीन महिन्यांनी तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, हृदय ठीक आहे, पण या अशाच बसून राहिल्या तर ते ठीक राहणार नाही. घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "माझं झालंय सगळं. आता कुठे जायचंय मला?" ती हे इतक्या सहज म्हणाली की मला त्याचीच जास्त भीती वाटली.

काळजी वाटली की मी यादी करते. अनोळखी कोणाशी बोलायला मला जमत नाही, रस्तासुद्धा मी कोणाला विचारत नाही. त्यामुळे सगळं आधी शोधून, लिहून ठेवायची सवय आहे. आईचं माहेर मिठागरावरचं. खाडीच्या बांधावरून चालत ती शाळेत जायची. समुद्र दिसला तर पाय आपोआप उचलतील, असा माझा हिशेब होता. मी अलिबागच्या आसपासचे चालायला सोपे किनारे शोधले: एसटीने पोचता येईल, चढ नसेल, वाळू घट्ट असेल, बसायला जागा आणि जवळपास शौचालय असेल असे. कल्याणहून अलिबागची एसटी, स्टँडपासून किनारा पंधरा मिनिटं, तिथून पुढच्या गावांना जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा, सगळं फोनमध्ये लिहिलं. शेवटच्या दिवसासाठी देवीचं गाव ठेवलं. गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही, तिथे गर्दी नाही ते बरं आहे. किनाऱ्यापासून पाऊण किलोमीटर आत खडकावर छोटं देऊळ आहे, ओहोटीला वाळूतून चालत जाता येतं. त्याच्यासमोर मी लिहिलं होतं: ओहोटी बारा वाजता, अकरा ते एकमध्ये जाऊन येणे.

निघायच्या आदल्या दिवशी आईला ताप आला आणि जाणं तेरा दिवसांनी पुढे गेलं. मी राहण्याच्या जागेची तारीख बदलून घेतली, सुट्टी बदलली. यादी तीच ठेवली. लग्नसराईमुळे बाबांना उल्हासनगरचा कपड्यांचा कारखाना सोडता येत नव्हता, म्हणून आम्ही दोघीच निघालो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी अलिबागच्या किनाऱ्यावर आई शंभर पावलं चालली आणि बाकावर बसली. "छान वारा आहे, तू ये जाऊन," म्हणाली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आक्षीच्या किनाऱ्यावर तर सुरूच्या झाडांच्या सावलीतून उठलीच नाही. मी तिच्याशेजारी बसून फोनकडे बघत राहिले. रडू येत होतं, पण तिच्यासमोर रडायचं नाही हे ठरलेलं होतं. तिसऱ्या दिवशी एसटीने देवीच्या गावी पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. समोर ओली वाळू, मधून खडकांच्या काळ्या रांगा, आणि टोकाला पांढरं चुन्याचं देऊळ. खडकांना चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्या, काढायला गेलेल्या बायका टोपल्या घेऊन परत येत होत्या.

आईने देवळाकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाही जमणार गं मला. तू ठेवून ये ओटी. देवीला कळेल." मग वाळूकडे बघत म्हणाली, "पण पाणी चढतंय असं वाटतंय."

"नाही आई, बारापर्यंत उतरतंय. मी बघितलंय," मी म्हटलं. माझ्या आवाजात तुसडेपणा होता. दोन दिवसांची निराशा होती ती. माझी पर्स, फोन, तिच्या गोळ्या सगळं तिच्याजवळ ठेवून, चपला काढून, फक्त ओटीची कापडी पिशवी घेऊन मी निघाले. त्या बायका परत का येत आहेत, हे त्यांना विचारावं असं मनात आलं होतं. विचारलं नाही.

देवळात कोणी नव्हतं. शेंदूर लावलेली छोटी मूर्ती, कालची फुलं, एक विझलेली पणती. मी हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ, हळकुंड बाहेर काढलं, आणि हात थांबला. ओटी भरताना आईला मी शंभर वेळा पाहिलं होतं. पण हा नवस तिचा होता. ती इथवर येणार नसेल तर मी तांदूळ वाहून काय होणार होतं? मी सगळं पुन्हा पिशवीत भरलं आणि भिंतीला टेकून बसले. तिथे कोणी बघत नव्हतं. इतके महिने अडवून धरलेलं रडू तिथे आलं. प्रार्थना म्हणता येईल असं मी काही बोलले नाही. एवढंच म्हटलं, की माझ्याकडे आता काही उपाय उरला नाही.

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर आले तेव्हा ज्या वाळूवरून चालत आले होते तिच्यावर पाणी होतं. लाटा नव्हत्या. शांतपणे, दोन्ही बाजूंनी, ते पसरत होतं. मला पोहता येत नाही. ओरडावं असं वाटलं, पण कोणाला काय हाक मारायची हेच कळेना. आणि मग पाण्यातून दोघी जणी येताना दिसल्या. पुढे नऊवारी खोचलेली, डोक्यावर टोपली असलेली एक बाई, आणि तिच्या मागे, तिचा हात धरून, साडी गुडघ्यापर्यंत उचललेली माझी आई.

काय झालं ते मला नंतर कळलं. मी गेल्यावर आईने जवळून जाणाऱ्या एकीला तिथी विचारली. षष्ठी. मिठागरावर लहान मुलांनाही येणारं गणित तिने केलं: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. सहाची पाऊणपट साडेचार. साडेचारला भरती पुरी, ओहोटी तिच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे सव्वादहालाच पाणी फिरलेलं. मी तेरा दिवसांपूर्वीची वेळ घेऊन आले होते. एसटीच्या वेळा बदलल्या नव्हत्या, म्हणून समुद्राचीही बदलणार नाही असं मी धरून चालले होते. रोज वेळापत्रकावर जगणाऱ्या आमच्यासारख्यांकडूनच अशी चूक व्हावी. आई उठून किनाऱ्यावर हाका मारत फिरली तोवर सगळ्या बायका वर गावात गेल्या होत्या. फक्त ही एक उलट खाली येत होती.

"तुमी बसा मावशे, मी आणतंय पोरीला," ती म्हणाली होती.

"ती तुमच्याबरोबर यायची नाही," आई म्हणाली. "अनोळखी माणसाशी बोलतसुद्धा नाही ती."

"मंग काय, पान्यात बसून राहील?" ती हसली म्हणे. "बरा, चला. माज्या पावलात पाऊल टाका."

देवळाच्या पायरीशी आल्यावर आईने मला मिठी मारली नाही की रागावली नाही. तिचा श्वास जरा वाढला होता, एवढंच. "भरलीस ओटी?" तिने विचारलं. मी नाही म्हटलं आणि पिशवी पुढे केली. तिने ओल्या हातांनी भराभर हळदकुंकू वाहिलं, खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले.

"आटपा गो बाय," ती बाई दारातून म्हणाली. "देवीआई कुटं पलून नाय जायची. पानी येतंय पन."

परतताना मला मध्ये घेतलं. पाणी गुडघ्याच्या वर आलं होतं आणि गढूळ होतं, तळ दिसत नव्हता. खाली खडकाची एक उंच रांग आहे, ती फक्त तिथल्या बायकांनाच ठाऊक. मी सुरुवातीला स्वतःच अंदाज घेत होते, कडेला पाय टाकला आणि कमरेपर्यंत घसरले. तिने दंडाला धरून वर ओढलं. "डोकं नको चालवू. माज्या टाचंकडं बघ." त्यानंतर मी तिच्या टाचेकडे बघत गेले. ती वळली की वळले, थांबली की थांबले. पुढे किती राहिलं ते पाहिलं नाही. मागून आई तिच्याशी बोलत होती, आणि तिची ती माहेरची बोली मी घरी कधी ऐकलेली नव्हती: "आमचे आबा मिठागरावं व्हते गो." "कंच्या गावचे?" अशा गप्पा, जणू दोघी बाजाराला निघाल्या आहेत.

किनाऱ्यावर पोचल्यावर मी तिला विचारलं, तुम्ही परत कशाला आला होतात? अनोळखी माणसाला आपणहून विचारलेला तो माझा पहिला प्रश्न असेल. ती म्हणाली, कालवं फोडायचा आकडा खडकावर विसरला असं वाटलं, म्हणून अर्ध्या वाटेतून फिरले. बोलता बोलता तिने टोपली खाली ठेवली, हात घातला, आणि कालवांच्या खालून आकडा बाहेर काढला. "हा बग. माज्याजवलच व्हता," ती म्हणाली, स्वतःच्या कपाळावर हात मारला आणि वर निघून गेली. मी आभार मानले की नाही, ते आता आठवत नाही.

यावर मी बराच विचार केला आहे. माणूस वस्तू विसरतो, किंवा विसरली असं त्याला वाटतं. त्यात नवल काही नाही. आईने मुलीसाठी चालावं यातही नाही. मी कोणाला पटवायला हे लिहीत नाही. मला एवढंच कळलं, की मी इतके महिने आईला चालवण्याचा प्रयत्न करत होते आणि त्यात मी तिला एकदाही विचारलं नव्हतं की तिला काय माहीत आहे. सगळं माझ्या हातात ठेवलं होतं. ज्या दिवशी माझे हात रिकामे झाले, त्या दिवशी दुसऱ्या कोणी ते धरले. शरण जाणं म्हणजे हार मानणं असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्याला रस्ता ठाऊक नाही हे वेळेवर कबूल करणं, एवढंच ते असावं. त्या बाईंचं नाव मी विचारलं नाही याचं वाईट वाटतं. रोज दिवा लावताना मी त्यांना नमस्कार करते, देवीला करते तसाच.

आई आता सकाळी सहाला उठते आणि आमच्या इमारतीपासून चिखलोलीच्या दिशेने चालत जाऊन येते. खणलेला रस्ता अजून तसाच आहे. गेल्या महिन्यात तपासणीला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कागद पाहिले, आईकडे पाहिलं आणि विचारलं, "हे कसं काय जमलं, काकू? आधी तर उठायला तयार नव्हतात."

"देवीने बोलावलं," आई म्हणाली.

डॉक्टर हसले आणि खरं उत्तर माझ्याकडून मिळेल अशा अपेक्षेने माझ्याकडे वळले.

"हो," मी म्हटलं. "बोलावलं."