बाबांच्या मापाचा पलंग

जीप वरूडला एका संत्र्याच्या बागेतल्या शेडमध्ये उभी होती. मागे कॅरेट रचलेले, टपावर कोंबडी बसलेली. मी जीप पाहिली आणि इंजिन, कागदपत्रं काहीही विचारायच्या आधी म्हणाले, "घेतली!" बाबांनी कपाळाला हात लावला. "बह्याडच हाये ही पोट्टी," ते बागवाल्याला म्हणाले. पण बोलता बोलता त्यांचा दुसरा हात बॉनेटवर गेला होता आणि तो तिथून काही निघेना.

बाबा एकतीस वर्षं सरकारी ड्रायव्हर होते. त्यांच्याकडे अशीच जीप असायची, फोर-व्हीलवाली, मागे लांब. अकोला-अमरावतीच्या डोक्यावरचा सगळा सातपुडा त्यांनी साहेबांना फिरवून दाखवला. साहेब विश्रामगृहात झोपायचे आणि बाबा जीपमध्ये, पुढच्या सीटवर. मागच्या उन्हाळ्यात ते सहज बोलून गेले, "त्या डोंगरात मी शंभरदा गेलो असीन. मुक्काम एकदाबी नाही केला." मुक्काम साहेबांचा असायचा, बाबा ड्यूटीवर असायचे.

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. त्यात डॉक्टरांनी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन जानेवारीत ठरवलं. मग कितीतरी महिने खडबडीत रस्ता बंद, आणि पुढचं कोणी सांगावं. म्हणजे जे काय करायचं ते डिसेंबर संपायच्या आत. जीपचं चालतंफिरतं घर करायचं आणि बाबांना डोंगराच्या पायथ्याशी चांगलं दोन दिवस मुक्कामाला न्यायचं. मी शाळेत विज्ञान शिकवते, गाडीतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. पण अंगात वारं शिरलं होतं त्याला काय करणार?

काम अकोल्याच्या एका मिस्त्रींकडे दिलं. बाबांच्या सरकारी जीपचं वेल्डिंग तेच करायचे, आणि दुसऱ्या कोणाच्या हातात जीप द्यायला बाबा तयार नव्हते. मग दर रविवारी सकाळी आम्ही बापलेक अमरावतीहून अकोल्याला. मिस्त्रींचा एकच नियम होता. "ताई, काटना नहीं, कसना. सगळं नट-बोल्टवर. उद्या मन बदललं तर पाना घ्या अन् खोला." मागची बाकडी निघाली. चौकोनी पाइपाची चौकट बसली, तिच्यावर प्लायवूडचा पलंग, पलंगाखाली सामानाचे खण. मागच्या दाराशी स्वयंपाकाची पेटी, खेचली की शेगडी बाहेर आणि ढकलली की आत. बाजूला गुंडाळलेली ताडपत्री, ती उलगडली की अंगण तयार. प्रत्येक रविवारी काहीतरी नवं दिसायचं आणि मी कारखान्यात नाचायची बाकी राहायचे. बाबा मात्र इंजिनापाशी खुर्ची टाकून बसायचे आणि आवाज ऐकून सांगायचे, "फॅन बेल्ट ढिला हाये."

पलंगाचं माप घेतलं त्या रविवारी मी शेजारच्या दुकानात ताडपत्रीच्या रंगावरून हुज्जत घालत होते. मिस्त्रींनी टेप काढला तर बाबांनी तो बाजूला सारला, हे मला मिस्त्रींनी मागाहून सांगितलं. "झोपनार मी. माप मायंच घ्या." आणि ते थेट प्लायवूडवर आडवे झाले. मिस्त्रींनी डोक्याशी एक आणि पायाशी एक अशा खडूच्या रेघा ओढल्या. मी परत आले तेव्हा रेघा तयार होत्या. माझ्या वहीतल्या आकृतीपेक्षा पलंग चांगला दीड फूट कमी भरला होता. मला तर आनंदच झाला! स्वयंपाकाची पेटी तेवढी मोठी झाली, मसाल्याच्या डब्यांना वेगळी जागा मिळाली. मी स्वतः बाहेर तंबूत झोपणार होते, त्यामुळे पलंगावर पडून बघायचा प्रश्नच नव्हता. कमी का भरला, हे विचारायचं विज्ञानाच्या बाईंना सुचलं नाही.

डिसेंबरातल्या एका शनिवारी निघालो, गाडी मी चालवत होते. अकोटच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याशी माझ्या एका सहकारी बाईंचं शेत आहे, तिथे उतरायची परवानगी घेतली होती. शेताच्या अलीकडे नाला आला, पाणी घोटाभर आणि वाळू भरपूर. जीप मध्यावर रुतली. गुडघ्यामुळे बाबांना खाली बसवत नव्हतं, म्हणून चारही चाकांना जोर मिळावा यासाठी पुढच्या चाकांचे हब मी हाताने फिरवले, साडी खोचून, पाण्यात वाकून, आणि परत स्टिअरिंगवर बसले. "आता गिअरजवळची छोटी दांडी मांगं वढ," बाबा शेजारच्या सीटवरून म्हणाले. "क्लच हयूहयू सोड. घाई करू नको व." जीप गुरगुरली, थरथरली आणि काठ चढून वर आली. मी एवढ्याने ओरडले की शेतातले बगळे उडाले. बाबा हसत सुटले. त्यांना असं हसताना मी किती वर्षांनी पाहत होते!

ताडपत्री उलगडली, खिचडी झाली, जेवणं झाली. ऊन छान उबदार होतं. "चला बाबा, आता पलंगाचं उद्घाटन," मी म्हणाले. ते लाजत आत गेले आणि कुशीवर निजले. गुडघे पोटाशी, मान छातीशी.

"बाबा, पाय सरळ करा ना. डॉक्टरनं काय सांगतलं?"

"जमते मले असंच."

मी त्यांचा पाय हळूच धरून सरळ करायला गेले, तर टाच माझ्या स्वयंपाकाच्या पेटीवर आपटली. मी तशीच थांबले. "मिस्त्रीनं माप घेतलं तवा कसे निजले होते तुमी?"

"कसा म्हणजे? निजतो तसाच."

निजतो तसाच! स्टिअरिंग आणि दाराच्या मध्ये एकतीस वर्षं निजले तसेच. घरी मोठ्या पलंगावरही ते असेच गाठोडं होऊन झोपतात, आणि आम्ही म्हणायचो, बाबांना थंडी फार. मला स्वतःचा इतका राग आला की डोळे भरून आले. बाबांचे पाय जिथे यायला हवेत, तिथे मी हळद-तिखट ठेवलं होतं.

मी बारा-तेराचा पाना काढला.

"काय करून राहिली व? तुयं किचन!"

"माह्या किचनले गोटे हायेत शेतात. तीन मांडले का चूल तयार."

चार बोल्ट खोलले. पेटी ओढून खाली उतरवली, तिच्या जागी चौकटीवर तिचीच फळी टाकली, वर माझी गोधडी अंथरली. मागचं दार उघडंच ठेवलं. समोर सगळा डोंगर दिसत होता.

बाबा पुन्हा आडवे झाले, या वेळी पाठीवर. पाय मात्र अजून दुमडलेलेच होते. थोडा वेळ ते टपाकडे बघत राहिले. मग उतरताना सवयीने काढून स्वतःच्या खिशात टाकलेली जीपची किल्ली चाचपत त्यांनी विचारलं, "किती वाजता निघाचं हाये?"

"तुमी उठसान तवा," मी म्हणाले.

त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली, आणि आधी एक पाय लांब केला, मग दुसरा.