गाण्याचा आग्रह आधी मला झाला होता

माझ्या मामेबहिणीवरची फिल्म मी एका आठवड्यात तीनदा पाहिली. पहिल्यांदा मामीनं पास पाठवले म्हणून, दुसऱ्यांदा खात्री करून घ्यायला, आणि तिसऱ्यांदा का गेले ते कुणाला सांगितलं नाही. चेन्नईतल्या एका थिएटरात ती सकाळच्या खेळाला लागली होती. सोळा वर्षांची मुलगी, मैदानभर ओरडणारी माणसं, आणि दोन गाण्यांच्या मधे तिचं लहानपण: शाळेचा गणवेश, तेल चोपडून घातलेल्या दोन वेण्या, अंबत्तूरची एक गच्ची. ती गच्ची आमच्या घराची. तिथं बसवून तिला पहिलं पद शिकवलं ते मी. श्वास कुठं घ्यायचा आणि कुठं चोरून घ्यायचा, तेही मीच.

फिल्मवाले आमच्याकडेही येऊन गेले होते. इस्त्रीची सुती साडी नेसून मी त्यांच्या कॅमेऱ्यापुढं अख्खी दुपार बोलले. त्यातली अर्धी दुपार कंत्राटी कामगारांवर गेली, हे कबूल. पण उरलेल्या अर्ध्या दुपारमधलंसुद्धा एक वाक्य त्यांनी घेतलं नाही.

फिल्ममध्ये मी आहे, पण पाठमोरी.

ते असं. तंजावरहून आलेल्या आम्हा मराठी लोकांच्या घरीही नवरात्रात तमिळ शेजाऱ्यांसारखाच कोलू मांडतात. पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या, आणि बघायला येणाऱ्या बायकामुलींना गाण्याचा आग्रह. गायल्याशिवाय सुंडलाची, म्हणजे फोडणीच्या हरभऱ्यांची, पुडी हातात पडत नाही, निदान लवकर पडत नाही. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईंकडे आम्ही दोघी गेलो. त्यांचे दीर टीव्ही चॅनेलमध्ये कामाला, ते त्या दिवशी घरीच होते. बाईंनी आग्रह मला केला. आमच्या गल्लीत गाणारी म्हणून मीच माहीत होते. पण मी तेव्हा नुकतीच कामगार संघटनेत गेले होते, आणि एकोणिसाव्या वर्षी अन्याय लांबून दिसतो. त्यांच्याकडे भांडी घासणारी बाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून बाहुल्या बघत होती. मी म्हणाले, "आधी त्यांना इथं पुढं बसवा, मग मी गाते." यजमानीणबाई हसल्या आणि ती तिथंच बरी आहे म्हणाल्या. मी उठले, चपला घातल्या आणि निघून आले.

माझ्या मागं माझी बहीण गायली. दिरांनी ऐकलं. पुढचं सगळ्या तमिळनाडूला पाठ आहे.

त्या घरातल्या कुणीतरी हे सगळं व्हिडिओ कॅमेऱ्यावर घेऊन ठेवलं होतं. फिल्ममध्ये माझं वाक्य ऐकू येतं, मग माझी पाठ, रागानं हलणारी वेणी, दार. लगेच बहिणीचा तेरा वर्षांचा चेहरा, आणि त्यावर तिचा आजचा आवाज: मला गायला कुणी सांगितलंच नव्हतं. थिएटर हसतं. तिन्ही दिवस त्याच जागी हसलं.

मी जळले. याला दुसरा शब्द शोधत बसत नाही. अंधारात बसून मी तिच्या चुका गोळा करत होते. वरचा सूर पातळ लागतो, नाचताना दम लागतो, एके ठिकाणी तर ताल चक्क पुढं पळालाय. आणि मग ती ते जुनं पद घेते, गच्चीवरचं, मैदानातले लोक एकदम गप्प होतात, आणि मी शिकवलेल्या जागी ती माझ्यापेक्षा चांगला श्वास घेते. तेव्हा मला थिएटरातून उठून जावंसं वाटायचं.

त्या दिवसांत मी श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यातल्या मुलींमध्ये काम करत होते. सरकत्या पट्ट्यावर फोनचे भाग जोडण्याचं काम, सगळ्या कंत्राटावर. आपली पाळी संपल्यावर लागोपाठ दुसऱ्या पाळीला थांबायला नकार दिला म्हणून तिघींना काढून टाकलं होतं. त्यांना परत घ्या असा अर्ज आम्ही लिहिला होता. त्यावर त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या मुलींच्या सह्या हव्या होत्या, नाहीतर तो अर्ज म्हणजे नुसता कागद. सही एकही नव्हती. तिघींतल्या एकीनं गावी परत जायला पेटी भरली होती. मी रोज दुपारच्या पाळीआधी कंपनीच्या बसच्या थांब्यावर पत्रकं वाटायचे. मुली ती घ्यायच्या आणि डब्याला गुंडाळायच्या.

रविवारी बैठक ठेवली. आल्या त्या काढलेल्या तिघीच. बाकीच्या कुठं गेल्या विचारलं तर कळलं, मुलींचं सगळं हॉस्टेल मिळून फिल्मला गेलंय. कुठली फिल्म ते विचारावं लागलं नाही.

घरी येऊन मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. पडद्यावरची मुलगी आणि पट्ट्यावरच्या मुली, असा मथळा. सोळा वर्षांच्या मुलीचा बाजार कोण मांडतं, तिच्या गाण्यावर हात हलवताना आपले हात कुणाच्या मशीनला बांधले गेलेत, सगळं लिहिलं. आमच्या संघटनेतले एक ज्येष्ठ होते, तिथं सगळे एकमेकांना तोळर म्हणजे साथी म्हणतात, त्यांनी ते दोनदा वाचलं.

"तोळर, मुद्दे बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण त्या मुलीच्या सँडलच्या रंगावर चार ओळी कशाला?"

मी त्यांना बाजारपेठ समजावून सांगितली. त्यांनी ऐकून घेतलं आणि कागद परत दिला. मी झेरॉक्स आधीच काढून ठेवल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर पहिलं पत्रक घेतलं ते एका उंच मुलीनं. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र, कपाळावर कामातल्या टोपीचा वळ. तिनं मथळा वाचला, मग माझ्याकडं बघितलं, मग मला वळायला लावून माझी वेणी बघितली.

"अक्का, फिल्ममधली ती उठून जाणारी तुम्हीच ना?"

बाकीच्या गोळा झाल्या. आता हसतील म्हणून मी पत्रकांचा गठ्ठा छातीशी धरून तयार राहिले. कुणी हसलं नाही. उंच मुलगी म्हणाली की थिएटरातले लोक हसले तेव्हा त्यांच्या रांगेत कुणाला हसू आलं नव्हतं, कारण तिची आई गावात चार घरची भांडी करते. मग तिनं विचारलं, "मग त्या बाईला पुढं बसवलं का?"

बस आली. मला माहीत नव्हतं. तीन वर्षं हा किस्सा मी संघटनेच्या शिबिरांत सांगत होते. मी काय म्हणाले, कशी निघाले, यजमानीणबाईंचं तोंड कसं झालं. त्या उंबऱ्यावरच्या बाईचं पुढं काय झालं ते मी कुणालाच विचारलं नव्हतं.

बहिणीला फोन लावला. आधी मामीनं घेतला, ती रेकॉर्डिंगला आहे, नंतर कर म्हणाली, तेवढ्यात मागून तिचाच आवाज आला आणि फोन तिच्या हातात गेला. जेवलीस का अक्का, फिल्म पाहिलीस का, वगैरे. मी मधेच तोडून विचारलं.

"बसली की पुढं," ती म्हणाली. "मीच हात धरून आणलं. तू चिडून गेलीस, ते तुला नावं ठेवायला लागले, मला भीती वाटली. म्हटलं, अक्कानं सांगितलंय तेवढं करू आणि गाऊन टाकू. तिनं माझ्या शेजारी बसून ताल पण धरला."

"मग फिल्ममध्ये का नाही?"

"ठेवा म्हटलं होतं मी. लांबतंय म्हणाले."

फोन ठेवला. गाणं तिचं, मैदान तिचं, थिएटर तिचं. तेवढं एक वाक्य माझं होतं, आणि ते करून दाखवणारीही तीच निघाली. तेराव्या वर्षी, घाबरत घाबरत. बाईला मीच बसवलं असं त्या मुलींना सांगितलं तर कोण तपासायला जाणार होतं? हा विचार मी केला. चांगला तासभर केला.

दुसऱ्या दिवशी थांब्यावर खरं ते सांगितलं. बाईला पुढं बसवलं ते बहिणीनं, मी तोपर्यंत जिना उतरले होते. पत्रकं त्या दिवशी पिशवीतून काढली नाहीत.

उंच मुलीनं जरा विचार केला. "म्हणजे तुम्ही सांगितलंत आणि गेलात."

"हो."

"इथं पण तसंच करता अक्का. कागद देता आणि बस सुटायच्या आत गायब. आमच्याशी बसून बोलायचं असेल तर रविवारी खोलीवर या. भात आमच्याकडं असतो."

रविवारी गेले. एका खोलीत नऊजणी, भिंतीला लावून ठेवलेल्या पेट्या, मधे सांबारभाताचं पातेलं. एकीच्या मोबाइलवर माझ्या बहिणीचं गाणं लागलेलं होतं, ते माझ्यासाठी म्हणून मुद्दाम मोठं केलं. मग प्रश्न सुरू झाले. ती घरी काय खाते, केस खरे आहेत का, आइस्क्रीम खाऊ देतात का, तिला कुणी आवडतं का. तासभर मी दुसरं काही बोलू शकले नाही. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर मी दिलं. केस खरे आहेत, हेसुद्धा सांगितलं.

मग पातेलं बाजूला सारून अर्ज काढला. बरोबरच्या तिघींचं काय होणार हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, त्यामुळं समजवावं लागलं नाही. भीती होती ती आपलं नाव कागदावर जायची. उंच मुलीनं आधी केली. तिची धरून एकामागून एक सहा सह्या झाल्या. दोघी नाही म्हणाल्या, त्यांना कुणी आग्रह केला नाही. शेवटची मुलगी, पेटी भरून बसलेल्या मुलीची अगदी जवळची मैत्रीण, पेन धरून थांबली. हा कागद खरंच पोचतो का, ही बाई कोण, आपल्याला पुढं करून निघून जाईल का, असं ती उंच मुलीला विचारत होती, माझ्यादेखत.

उंच मुलगी म्हणाली, "अगं, या त्या गाणारीच्या अक्का आहेत. कर सही."

तिनं केली. मी पेन परत घेतलं आणि शाई सुकेपर्यंत कागद गुडघ्यावर धरून ठेवला.