लाईट न धरणारा चेहरा

हे मी इतकी वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला नाही, रोज स्टुडिओत येऊन माझा चहा पिणाऱ्या मित्रांनाही नाही. गेल्या महिन्यात जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं, आणि आता तुम्हाला सांगतो आहे. सरळ सांगायचं असं ठरवून बसलो खरा – पण बघा, पहिल्याच वळणावर गाडी अडली.

आधी कामाचं सांगतो, म्हणजे जरा धीर येईल. चामोर्शीत माझा छोटा स्टुडिओ आहे. लग्नं, बारसी, कबड्डीचे सामने आणि दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीची नाटकं – म्हणजे आमच्या धानाच्या पट्ट्यात गावोगावी मांडव घालून होतात ती. कमी उजेडात शूटिंग करावं तर यानंच, असं लोक माझ्याबद्दल म्हणतात. मी मान खाली घालून ऐकतो. त्यांना तो विनय वाटतो.

कुंदा आमच्याच गल्लीतली. सावळी – नाही, सावळी म्हणणं हीसुद्धा पळवाटच – चांगली काळी. नाटकात लहानसहान कामं करायची. एका नाटक कंपनीच्या मालकाच्या मनात तिला हिरोईन करायचं आलं. पण हल्ली गावं मोबाईलवर जाहिरात बघून नाटक ठरवतात, म्हणून तो म्हणाला, रंगीत तालमीचा व्हिडिओ काढा, बघून ठरवतो. व्हिडिओ कोणाकडून काढायचा? कुंदानंच माझं नाव सुचवलं. हे लक्षात ठेवा. मला तर विसरताच आलं नाही.

त्या दिवशी दुपारी मी कबड्डीचे सामने काढले होते. उन्हात कॅमेऱ्याचा मागचा स्क्रीन दिसत नाही, म्हणून त्याची चमक पार वर नेलेली. खेळाडूंचे पाय पुसट येऊ नयेत म्हणून शटरही खूप वेगाचं. तसाच कॅमेरा उचलून संध्याकाळी समाजमंदिरात गेलो. आत फोकसचे दोन दिवे, दोन्ही हिरोच्या बाजूला. त्या वेगाच्या शटरमुळे कॅमेऱ्यात उजेड अगदीच थोडा जात होता – पण स्क्रीनची चमक एवढी, की मला सगळं लख्ख दिसत होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात शटरचे, उजेडाचे आकडे असतात, ते बघायला हवे होते. बघितले नाहीत. का? कारण मी स्वतःला फार मोठा कॅमेरामन समजत होतो.

आणि कुंदानं काम कसं केलं, सांगू? भावानं घराबाहेर काढलेल्या बहिणीचा प्रवेश होता. झाडणाऱ्या बाई झाडू तसाच धरून उभ्या राहिल्या. मीही स्क्रीन सोडून थेट तिच्याकडेच बघत राहिलो. म्हणजे मला माहीत होतं – हे नीट ऐका – ती किती चांगली आहे हे मला तेव्हाच माहीत होतं.

सकाळी कॉम्प्युटरवर बघितलं. हिरोचा पांढरा सदरा दिसतो, त्याच्या मिशा दिसतात, मागच्या भिंतीवरचं कॅलेंडरही दिसतं. कुंदा नाही. बांगड्या हलतात, दात चमकतात, बाकी अंधार. कॅमेऱ्याचे आकडे बघितले आणि चूक कोणाची ते तिथल्या तिथे कळलं. पुन्हा एकदा तालीम घ्या, माझं चुकलं – एवढंच म्हणायचं होतं.

तेवढ्यात मालक आला. पूर्ण सिझनची शूटिंग मला देणार, असं त्यानं आधीच कबूल केलं होतं. त्यानं दोनदा बघितलं आणि विचारलं, "पोरीत कमी हाय का कॅमेऱ्यात?"

मी म्हणालो, "कॅमेरा बराबर हाय, मालक. तिच्या चेहऱ्याले लाईटच धरत नाई."

झालं. हेच ते वाक्य. मालकानं मान डोलावली, जणू त्याला आधीपासूनच शंका होती. काळ्या माणसाबद्दल असलं काही बोललं की आमच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. हे मला ठाऊक होतं, म्हणून तर मी ते वाक्य निवडलं. हिरोईन बाहेरून आली. सिझन मला मिळाला.

एकदाच खोटं बोललो असतो तर कदाचित इतकं टोचलं नसतं. पण मालकाकडून ते वाक्य ऐकून कुंदा माझ्याकडे आली. भांडायला नाही – विचारायला. लाईट धरायला चेहऱ्याला काय लावायचं? सगळं सांगून टाकण्याची यापेक्षा चांगली संधी कोणती असते? आणि मी काय केलं? खुर्ची पुढे ओढली आणि जाणकारासारखं समजावून सांगितलं की मेकअप दोन छटा उजळ घे, मानेलाही लाव. तेव्हापासून ती पांढरीफटक होऊन स्टेजवर येते. शेजारीण, आत्या, मोलकरीण, असलीच कामं. प्रेक्षकांतून कोणीतरी हसतं. मी ते शूट करतो – आता आकडे नीट बघून.

ती फाईल मात्र मी कधी पुसली नाही. जुन्या कॉम्प्युटरवर ती दोन सेकंद चालायची आणि घुटमळायची. यंदा नवा घ्यायचा म्हणून चंद्रपूरला गेलो. लॅपटॉप घ्यावा असं मनात होतं, आमच्याकडे वीज जाते म्हणून. दुकानातला माणूस म्हणाला, एडिटिंगच करायचं तर डेस्कटॉप घ्या, इन्व्हर्टर लावा, आणि कीबोर्डच्या रंगीत दिव्यांवर पैसे घालवण्यापेक्षा ग्राफिक कार्ड आणि खरा रंग दाखवणारा स्क्रीन बघा. सगळ्यात खराब फाईल आणली असेल तर लावा, म्हणाला, मशीनची परीक्षा होऊन जाईल.

आणली होती. तीच. परीक्षेसाठीच आणली, अशी मी स्वतःची समजूत काढली होती.

त्यानं सावल्या उचलल्या, म्हणजे चित्रातला अंधार उजळत नेला. आधी चित्रभर मुंग्या पसरल्यासारखे दाणे आले. मग दाणे कमी करणारं सॉफ्टवेअर चालवलं, आणि त्या दाण्यांतून हळूहळू कपाळ आलं, डोळे आले, थरथरणारी हनुवटी आली. थोडं मऊ, थोडं पुसट, पण सगळी कुंदा. शेजारी प्रिंटर बघायला आलेलं एक जोडपं थांबून बघू लागलं. बाईंनी विचारलं, कोण आहे ही? कुंदा, म्हणालो, आमच्या गल्लीतली.

डेस्कटॉप घेतला. तो लावला त्याच दिवशी कुंदाला स्टुडिओत बोलावलं आणि सांगितलं. कबड्डी, शटर, मालक, ते वाक्य आणि मेकअपचा तो सल्लाही – काही वगळलं नाही. बोलून झाल्यावर मला वाटलं होतं ती उठून जाईल. ती बसून राहिली. म्हणाली, "म्हणजे माह्या चेहऱ्यात काही कमी नोहोती?"

नव्हती, म्हणालो.

मग तिच्यासमोरच मालकाला फोन लावला आणि त्यालाही सगळं सांगितलं. त्यानं मला जे ऐकवायचं ते ऐकवलं. यंदाची शूटिंग दुसऱ्याला देतो म्हणाला. ठीक आहे. मग थोडा थांबून त्यानं विचारलं की ती फाईल पाठवता येईल का, आईचं मोठं काम असलेलं नाटक यंदा उभं करतोय आणि बाई अजून ठरलेली नाही. मी लगेच पाठवली. पुढे काय होईल ते मला माहीत नाही, पण या वेळी त्याला कुंदा दिसेल.

कुंदाचं त्या फोनकडे लक्षच नव्हतं. "लाव," म्हणाली. मी लावलं. तिनं खुर्ची स्क्रीनच्या अगदी जवळ ओढली आणि त्या कामात स्वतःला पहिल्यांदा बघितलं. संपलं तेव्हा पुन्हा लावायला सांगितलं. मला माफ केलं की नाही, ते ती बोलली नाही. मीही विचारलं नाही.

दुसऱ्यांदा बघताना, स्क्रीनवरची नजर न काढता, तिनं एवढंच विचारलं, "मी चांगली करून राह्यली होती ना, भाऊ?"

हो, म्हणालो. खूप चांगली.