नव्या जहाजाला जुना नंबर

मिरज स्टेशनवर मीनू माझ्या आईच्या कडेवर होती आणि मी गाडीत. दीड वर्षाची पोर, मी बाजारात निघालेय असंच तिला वाटलं असणार. "आधी तिकडे बस्तान बसू दे, मग पोरीला ने," आई म्हणाली. नवऱ्याची बँकेतून कलकत्त्याला बदली झाली होती, मला तिथल्याच खिदिरपूर गोदीत प्रोग्रॅमरची नोकरी लागली होती, पण टेम्पररी. मी कायम झाले की मीनूला आणायचं, असं ठरलं.

काम होतं गोदीतल्या जहाजांची ये-जा मशीनवर मांडून बघायचं. त्यासाठी सिम्युला नावाची भाषा होती, आमच्याकडे ती फक्त पुस्तकात. तिच्यात प्रत्येक जहाज स्वतंत्र: स्वतःचा माल, आणि आपलं काम कुठवर आलंय हे त्याचं त्यालाच ठाऊक. आमच्या मशीनला येत होतं फक्त फोरट्रान. मी ते सगळं फोरट्रानमध्ये ओढूनताणून बसवलं. प्रत्येक जहाजाला एक नंबर, त्या नंबराखाली त्याचा सगळा संसार. घरी जाताना बालीगंजच्या ट्राममध्येसुद्धा जीव टांगणीला. हे चाललं नाही तर नोकरी गेली, मग मीनू आणखी किती दिवस तिकडे?

एकदा साहेब दासबाबू प्रिंटआऊट घेऊन आले. "दीदी, आपका जाहाज तो माल उतारने से पहले ही भाग गया!" ते हसत होते, मी प्रिंटआऊट त्यांच्या हातातून घेतला. शोधून शोधून सापडलं: निघून गेलेल्या जहाजाचा नंबर मी नव्याला देत होते, पण जुन्याचं काही पुसत नव्हते. नवं जहाज आल्याआल्या स्वतःला रिकामं समजे आणि निघे. चार ओळी वाढवल्या. प्रोग्रॅम चालला, मी कायम झाले.

मीनूला आणायला गेले. ती "आई!" ओरडत अंगणात आली आणि माझ्या बाजूनं पळत जाऊन माझ्या आईला बिलगली. आई ओशाळली. "अगं, ही बघ तुझी आई," पुन्हा पुन्हा सांगत राहिली. इथं काय पुसायचं होतं? मला रडू आवरेना.

कलकत्त्यात शेजारच्या मुलांचं ऐकून मीनू मला 'मा' म्हणू लागली. मी सुधारलं नाही.

तुम्ही मिरजेकडचे सगळे विचारता, आता घर कुठलं समजतेस? आई गेली, मिरजेत आता 'आई' म्हणून हाक मारायला कुणी नाही. संध्याकाळी कामावरून येऊन दार उघडेपर्यंत अजूनही धास्ती वाटते, मीनू मला ओळखेल ना. मग आतून येतं, "मा, आलीस?" आणि मी ओ देते.