उजवा पाय

लायसन हातात आलं त्याच दिवशी मी घरात जाहीर केलं, घेईन तर गिअरची मोटारसायकल, स्कूटर नाही. आप्पा, म्हणजे माझे वडील, जेवत होते. त्यांनी हातातला घास पुन्हा ताटात ठेवला.

"तुला स्कूटर बरी दिसती गं."

"दिसायला न्हाय घ्यायची आप्पा, जायला घ्यायचीय."

नोकरी माझी, पगार माझा, तरी त्यांना डावलून गाडी आणणं मला जमलं नसतं. मी शिकवते ती शाळा गुंजी स्टेशनपासून बरीच आत आहे. रोज रेल्वेने गुंजीला उतरायचं आणि पुढे कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून जायचं, नाहीतर चालत. त्या वाटेवर इतके दगड की स्कूटरची लहान चाकं रडकुंडीला येतात. हे कारण खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर दुसऱ्याच्या मागे बसून बसून मला वीट आला होता, आणि गिअर टाकताना पायाखाली जो खट् आवाज होतो तो मला भारी आवडायचा.

शेवटी आप्पांनी अट घातली. "शोरूममधी माझ्यासमोर चालवून दाखव. बंद पाडलीस तर गपगुमान स्कूटर."

मी हो म्हटलं खरं, पण माझी खोड मला ठाऊक होती. डाव्या पायाने गिअर टाकला की उजवा पाय आपोआप ब्रेक दाबायचा आणि गाडी आचका देऊन बंद पडायची. लायसनच्या पहिल्या परीक्षेत त्यामुळेच नापास झाले. गाडी शिकवणारे मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "बाई, तुमच्या उजव्या पायात शिरतंय तरी कोण?" दुसऱ्या वेळी दात-ओठ खाऊन कशीबशी पास झाले, पण खोड काही गेली नाही.

शोरूममधला सेल्समन सगळं आप्पांनाच सांगत होता. ॲव्हरेज त्यांना, सीटची उंचीसुद्धा त्यांनाच. "पाय माझे टेकायचेत, मला सांगा," मी म्हटलं. तीन गाड्यांवर बसून पाहिलं आणि एक काळी, साधी, हलकी गाडी निवडली. तर हा म्हणतो, "मॅडम, गुलाबी स्कूटर पण आलीय." माझं टाळकंच फिरलं.

मागच्या मोकळ्या जागेत गाडी काढली. गिअर टाकला, आचका, बंद. पुन्हा किक मारली, पुन्हा तेच. अटीप्रमाणे मी हरले होते. सेल्समन स्कूटरची किल्ली आणायला आत गेला. मी मात्र गाडीवरून उतरले नाही. उतरले की संपलं, एवढंच डोक्यात होतं.

आप्पा माझ्या तोंडाकडे बघतच नव्हते. त्यांची नजर माझ्या पायांवर होती. आमच्या वडगावात त्यांनी उभा जन्म हातमागावर साड्या विणल्या. लहानपणी शाळा सुटली की मीही मागावर बसायची. पायाखाली दोन लाकडी पट्ट्या. डावी दाबायची, आडव्या धाग्याचा धोटा फेकायचा, उजवी दाबायची, पुन्हा धोटा.

ते जवळ आले. "अगं, तू माग चालवायलीस. डावा झाला की उजवा."

मी खाली माझ्या पायांकडे बघितलं. इतके दिवस हे ना मास्तरांच्या लक्षात आलं, ना माझ्या.

"मग काय करू?"

"धागा तुटल्यावर पाय कसा वर धरतीस? तसाच धर. धागा तुटलाय समज."

त्यांना स्कूटरच हवी होती. नुसते गप्प राहिले असते तरी त्यांच्या मनासारखं झालं असतं. माझे डोळे भरून आले, पण रडायला वेळ नव्हता. गिअर टाकला. धागा तुटलाय, धागा तुटलाय, असं पुटपुटत त्या टोकाला जाऊन वळून आले. सेल्समन किल्ली घेऊन उभाच होता. आप्पा त्याला म्हणाले, "ती ठेवा आत. काळी द्या."

गाडी मिळाली त्या दिवशी आप्पा माझ्या मागे बसले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मागे बसलं होतं. शोरूमबाहेर पडून मी गिअर टाकला, तर माझ्या उजव्या टाचेला मागून टक्कन काहीतरी लागलं. दुसरा गिअर टाकला, पुन्हा टक्क. तो आप्पांचा उजवा पाय होता.

"आप्पा, पाय! धागा तुटलाय!"

"माझा न्हाय थांबायचा आता," ते म्हणाले. "तू चल."