शाकाहारी माणसाने घेतलेली शिकारीची सुरी

चांगली आणि खिशाला परवडणारी शिकारीची सुरी कशी निवडायची, हे आता मला कुणीही विचारावं. पातं चार इंचांचं पुरतं. टोक फार अणकुचीदार नको. मूठ ओल्या हातातून सटकता कामा नये आणि तिचा रंग भडक हवा, म्हणजे गवतात पडली तरी दिसते. आमच्या पुण्याच्या घरात अंडंसुद्धा येत नसे. ऑम्लेट खायची हुक्की आली तर मित्राकडे जावं लागे. मी तर वयाच्या बावन्नाव्या वर्षापर्यंत मासाही चाखलेला नाही. तरी हे ज्ञान माझ्यापाशी आहे आणि ते मला माझ्या मुलीमुळे मिळालं.

आम्ही फेल्डहोवन या डच गावात आलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. आता तेवीस वर्षांची आहे. वनव्यवस्थापन शिकली आणि इथल्याच ब्राबांट प्रांतातल्या एका निसर्गसंस्थेत नोकरीला लागली, म्हणून आमच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहते. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर येतं इंग्रजीत किंवा डचमध्ये. गेल्या ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी, वरणभात कालवताना, तिने सांगितलं की ती शिकारीची परीक्षा पास झाली आहे. लेखी झाली, नेमबाजी झाली, आता परवाना येईल. वर्षभर ती दर शनिवारी जिथे जात होती तो पक्षीनिरीक्षणाचा गट नव्हता, हेही तेव्हाच कळलं.

कारणं तिने नीट सांगितली. रानडुकरं वाढली आहेत, मक्याची शेतं उकरतात, रस्त्यावर गाड्यांखाली येतात. जंगल सांभाळायचं तर प्राणी मोजावे लागतात आणि कधीकधी कमीही करावे लागतात. ते काम दुसऱ्यांवर ढकलून आपण हात झटकणं तिला पटत नव्हतं. मी ऐकून घेतलं, ताट उचललं आणि सिंकमध्ये ठेवलं.

मी तापट माणूस आहे, पण माझा राग ओरडण्यातून निघत नाही. मी गप्प बसतो. ऑफिसातले डच सहकारी त्याला माझा शांत स्वभाव समजतात. बायको तसं समजत नाही. त्या संध्याकाळपासून तीन आठवडे मी मुलीशी एक शब्द बोललो नाही. मीठ हवं असलं तर बायकोकडे मागायचो. मुलीच्या सायकलच्या साखळीला तेल घातलं, पण घातलं म्हणून सांगितलं नाही. जिन्यावर समोरासमोर आलो की मी भिंतीकडे सरकून तिला वाट द्यायचो, भाडेकरूला द्यावी तशी.

बायकोने एकदा विचारलंच, ‘‘तुझा प्रॉब्लेम काय आहे नक्की? ती मांस तर कॉलेजपासूनच खाते.’’

मी तत्त्वांबद्दल काहीतरी बोललो. खरं कारण तिला सांगितलं नाही, इथे सांगतो. मला भीती वाटत होती. माझी ही मुलगी लहानपणी गोगलगायी सायकलच्या वाटेवरून उचलून गवतात ठेवायची. शाळेला रोज उशीर व्हायचा. आता ही जीव मारायला शिकेल, मग तिला त्याची सवय होईल आणि एक दिवस हिला काहीच वाटेनासं होईल, अशी भीती होती. आणि मग ती मला ओळखू येणार नाही.

तीन आठवडे संपता संपता एका सकाळी मी चहा गाळत होतो. ती आली आणि ओट्यावर, माझ्यासमोर तिने फोन ठेवला. फोनवर दोन सुऱ्यांची चित्रं होती.

‘‘बाबा, विच वन? स्टील तुला कळतं.’’

माझं शिक्षण धातुशास्त्राचं. आयुष्य गेलं ते मोजमापात, केसाच्या जाडीलाही ढोबळ म्हणणाऱ्या यंत्रांसोबत. तिला सुरी निवडून देणारे दहाजण ओळखीचे असतील, हे न कळण्याइतका मी मूर्ख नाही. ती मला वाट करून देत होती. मी चष्मा लावला आणि म्हणालो, ‘‘दोन्ही भंगार आहेत. मी बघतो.’’ तीन आठवड्यांनंतरचं माझं पहिलं वाक्य ते.

मग मी जे मला येतं तेच केलं. एक्सेलची शीट उघडली. चौदा सुऱ्या, अकरा रकाने: पोलादाचा प्रकार, कडकपणा, पात्याची जाडी, वजन, गंज, मुठीचं साहित्य, म्यान, किंमत वगैरे. प्रत्येक रकान्याला गुणांक दिले. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये चीज-ब्रेड चावत मी पोलादातल्या कार्बाइडबद्दल वाचायचो. शेजारी बसणारा सहकारी विचारायचा, नवीन प्रोजेक्ट का? मी हो म्हणायचो. एकदाही माझ्या मनात आलं नाही की ही सुरी कुठल्या तरी शरीरात जाणार आहे. किंवा मनात येऊ नये म्हणूनच अकरा रकाने केले असतील.

पहिल्या क्रमांकावर आलेली सुरी महाग होती. पण पोलाद असं, की बोलायची सोय नाही. ती हातात घेऊन बघावी म्हणून बेल्जियमच्या सीमेजवळच्या एका दुकानात गेलो. मासेमारीच्या काठ्या, रबरी बूट, हिरवी जॅकेटं. काउंटरमागे सत्तरीतल्या एक बाई. मी शीट छापून नेली होती. बाईंनी ती हातभर लांब धरून वाचली आणि परत दिली.

‘‘ही कशासाठी हवी आहे?’’ त्यांनी डचमध्ये विचारलं.

‘‘मुलीसाठी.’’

‘‘मुलगी काय करणार आहे सुरीने?’’

मला डच बऱ्यापैकी येतं. हेमेंटेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कार्यालयात मी भांडूही शकतो. पण तिथे मला शब्द सापडेना. शेवटी मी पोटावरून बोट वरून खाली फिरवलं. बाईंनी मान हलवली. त्यांना एवढंच हवं होतं.

त्यांनी माझी पहिल्या क्रमांकाची सुरी काढली आणि शेजारी नारिंगी रबरी मुठीची एक साधी सुरी ठेवली. मग काउंटरखालून भांडी घासायच्या लिक्विडची बाटली काढून माझ्या तळहातावर धार धरली, वर थोडं पाणी शिंपडलं आणि म्हणाल्या, ‘‘आता धरा.’’ पहिल्या क्रमांकाची गुळगुळीत लाकडी मूठ माझ्या हातात फिरली. बाईंनी पात्यावर म्यान ठेवलं होतं म्हणून बरं. नारिंगी मूठ हलली नाही. मी हात धुवायला मागे गेलो आणि नळाखाली फेस जाताना बघत राहिलो. साबण कशाच्या जागी होता ते तेव्हा मला कळलं. 

बाहेर येऊन मी वाद घातला, कारण तो घातल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हटलं, याचं पोलाद मऊ आहे, धार लवकर जाईल. बाई म्हणाल्या, जाईल, आणि पाच मिनिटांत परत लावता येईल; तुमची ती महागातली बोथट झाली तर मुलगी शेताच्या बांधावर बसून काय करेल? म्हटलं, पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं नाही. त्या म्हणाल्या, ती काय लाकडं फोडणार आहे? म्हटलं, इतकी स्वस्त कशी? त्या म्हणाल्या, कारण ती हरवते. सगळ्यांची हरवते. मी नारिंगी सुरी घेतली.

घेतली, पण दिली नाही. कपाटात शर्टांखाली ठेवली. नवरात्र आलं होतं. बायकोला म्हटलं, हत्यार आहे, खंडेनवमीला पूजेत ठेवू आणि दसऱ्याला देऊ. तिला ते पटलं. आमच्याकडे नवमीला अवजारं पुजतात: विळी, स्क्रूड्रायव्हर, सायकलचा पान्हा, जाडी मोजायचा माझा कॅलिपर, बायकोचा लॅपटॉप. पूजेला मांडलेलं अवजार दुसऱ्या दिवशी पूजा उतरेपर्यंत उचलायचं नाही, त्यालाही विश्रांती, ही आमच्या घरची रीत. मोबाइल तेवढा दरवर्षी यातून सुटतो, कारण तो दिवसभर सोडायची कुणाचीच तयारी नसते. मी रीत पाळत होतो हे खरं. पण त्याआडून मी सुरी आणखी काही दिवस माझ्याजवळ ठेवत होतो, हेही तितकंच खरं.

नवमी शनिवारी आली. सकाळी लवकरच पूजा झाली. पाटावर नारिंगी सुरी विळीच्या शेजारी, पात्यावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल. मुलीने ती पहिल्यांदा तिथेच पाहिली. आणि वाकून नमस्कार जरा जास्त वेळ केला. नैवेद्याचा शिरा व्हायचा होता, तेवढ्यात तिचा फोन वाजला.

ज्याच्या हाताखाली ती शिकत होती तो म्हातारा शेतकरी बोलत होता. उजाडताना त्याने मक्याच्या शेतात एक रानडुक्कर टिपलं होतं. ऊन चढेल, लगेच साफ करायला हवं. आज तू कर, मी फक्त बघतो, सुरी घेऊन ये, असं म्हणाला.

तिने पाटाकडे पाहिलं. बायको म्हणाली, ‘‘आज नाही गं उचलता येणार.’’

‘‘ओके, आई. त्यांची घेईन मी.’’ वाद नाही, कपाळाला आठी नाही. ती दाराशी बसून बूट घालायला लागली.

मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटला. दुसरा शब्द नाही त्याला. त्याची सुरी, त्याचं शेत, त्याने धरलेलं तिचं मनगट; आणि मी घरात शिऱ्याची वाट बघत बसणार. माझं पोर माझ्या डोळ्यांदेखत बाहेर चाललं होतं आणि तिची सुरी अडवून ठेवायला मी देवाला मध्ये घातलं होतं.

मी पाटासमोर हात जोडले, फूल बाजूला केलं आणि सुरी उचलली. बायको माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘‘देवाची क्षमा मागितलीस ना? मग ठीक आहे.’’ आणि तिने गॅस बंद केला. सुरी हातातून हातात द्यायची नाही, भांडण होतं म्हणतात. आमचं भांडण होऊन गेलं होतं, तरी मी ती बुटांच्या कपाटावर ठेवली आणि मुलीने तिथून घेतली.

‘‘मी सोडतो गाडीने,’’ मी म्हणालो.

वीस मिनिटांचा रस्ता. ती सुरी मांडीवर धरून वळणं सांगत गेली. शेताच्या कडेला म्हातारा उभा होता. जनावर गवतावर कुशीवर निजवलेलं आणि त्याच्या तोंडात ओकची छोटी हिरवी फांदी. मी विचारलं तर म्हातारा म्हणाला, तो शेवटचा घास. इथे द्यायची पद्धत आहे. मग त्याची नजर सुरीवरच्या हळदकुंकवावर गेली आणि त्याने भुवया उंचावल्या. नवी सुरी आणि गंज?

मुलीने त्याला सांगितलं. आज आमच्याकडे अवजारांचा दिवस असतो, वर्षभर राबवून घेतल्याबद्दल आम्ही त्यांचे आभार मानतो, जे चुकलं असेल त्याची क्षमा मागतो, आणि आज ही खरं तर उचलायची नव्हती. हे सगळं स्वच्छ डचमध्ये, एकदाही न अडखळता. मी तिला हे कधी समजावून सांगितलं नव्हतं. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, चांगलं आहे, पण मांसाला लागायच्या आधी धुऊन टाक.

तिने धुतली. गुडघ्यांवर बसली. आधी जनावराच्या मानेवर डावा हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला. पुढचं मी वर्णन करणार नाही. मी जनावराकडे बघू शकत नव्हतो, म्हणून तिच्या हातांकडे बघत होतो. वास आला, पण मी हललो नाही. मूठ एकदाही सटकली नाही.

झाल्यावर ती गाडीपाशी आली. डिकीत पाण्याचा कॅन होता. तिने दोन्ही हात पुढे केले, कोपरापर्यंत लाल, आणि मी वरून पाणी घालू लागलो.  मग मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले आणि गालांवरून पाणी. जिला काही वाटेनासं होईल म्हणून मी तीन आठवडे तोंड फिरवलं, ती माझी मुलगी ही होती.

‘‘तेव्हा मी बोलत नव्हतो,’’ मी विचारलं, ‘‘तुला काय वाटायचं?’’

तिने नाक दंडाला पुसलं. मग सावकाश, शब्द जुळवत, मराठीत म्हणाली, ‘‘वाटायचं, बाबाने मला घरातून काढलं. घरातच ठेवून.’’

मी आयुष्यात मुंगी मारलेली नाही, हे मी लोकांना अभिमानाने सांगत आलो आहे. या देशात बसमध्ये कुणाचा धक्का लागला तरी दिवसातून दहादा सॉरी म्हणतो. माझ्या मुलीला मी तो शब्द तेवीस वर्षांत कुठल्याच भाषेत म्हणालो नव्हतो.

‘‘चुकलं माझं,’’ मी म्हणालो आणि तिच्या हातांवर पाणी घालत राहिलो.